सुमंगलाबायचं उत्तर

सुमंगला गवस चोवीस वर्षं पेडण्याच्या एका दवाखान्यात बसत होती, आणि आपण तिथं नेमकं कोण आहोत हे तिला कधीच धड सांगता आलं नाही. नर्स म्हणावं तर तेवढं शिक्षण नाही, कारकून म्हणावं तर टेबलाशी ती अर्धा दिवससुद्धा सलग बसायची नाही. गाईचं दावं धरायचं, बकरीचे पाय धरायचे, फोन घ्यायचा, केसपेपर लिहायचा आणि घाबऱ्याघुबऱ्या आलेल्या माणसाला आधी बाकावर बसवून पाणी द्यायचं. दवाखाना गुरांचा असला तरी घाबरून येतो तो माणूसच, असं ती म्हणायची. लोक तिला सुमंगलाबाय म्हणत आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

दवाखाना डॉक्टर कृष्णनाथ कोरगावकरांचा. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी त्यांनी बाजाराच्या टोकाला ही खोली घेतली, आणि तेव्हापासून एका स्कूटरवर इब्रामपूर, चांदेल, मोपा पालथं घातलं. बाई स्वतः तापानं फणफणली तरी डॉक्टरकडे जायची नाही, पण गाय अडली की नवऱ्याला उठवून पिटाळायची, जा, कृष्णनाथ डॉक्टराक घेऊन ये. डॉक्टर फार बोलायचे नाहीत. कोपरापर्यंत हात गाईच्या पोटात घालून वासरू सरळ करायचे, विहिरीवर हात धुवायचे आणि चहा न घेता निघायचे.

चहा ते फक्त एकाच वेळी घेत. जनावर दगावलं की.

ही त्यांची रीत होती आणि सुमंगला ती पहिल्याच वर्षी शिकली. जनावर मेलं की दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्या घरी जात. औषधाची पेटी नाही, फी नाही. सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसत, काळा चहा घेत आणि घरच्या बाईच्या तोंडावर सांगत, "तुजो कांय दोश ना गो. माझ्याच हाताक येस आयलें ना. माकाच कळाव जालो." कळाव म्हणजे उशीर. खरं तर उशीर कोणाचा असायचा हे डॉक्टरांना ठाऊक, बाईला ठाऊक आणि गोठ्यातल्या खुंट्यालासुद्धा ठाऊक. पण कोणी बोलायचं नाही. संध्याकाळी त्या घरून दवाखान्यात दोन नारळ यायचे आणि तो विषय मिटायचा.

एकदा सुमंगलानं विचारलंच, की खोटा दोष कशाला घेता? डॉक्टर म्हणाले, "घरची बायल मनांत एकच धरून बसता. काल गाय खाय ना, तेन्नाच सांगपाक जाय आशिल्लें. मागीर ती परत गाय बांदना. दोश आमी घेतलो की ती सुटता. आमकां कितें जाता? आमच्या आंगार तो सुकून वता."

तिला ते पटलं. बाई स्वतःलाच दोष देत बसली तर पुन्हा गाय बांधणार नाही; आपण घेतला की ती सुटते आणि आपल्या अंगावर तो सुकून जातो. पुढं डॉक्टर लांबच्या गावी असले की तीच त्या घरी जायची आणि तेच शब्द म्हणायची. बायका तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायच्या आणि महिन्याभरात दुसरी गाय आणायच्या. सुमंगलाला वाटे, आपल्याला औषधं येत नसतील, पण हे काम आपल्याला येतं.

मग गाईच संपत आल्या. मोप्याच्या सड्यावर, वरच्या माळावर, विमानतळ आला आणि चरायची जागा गेली. पोरं विमानतळावर निळे शर्ट घालून कामाला लागली. शेण काढायला कोण राहणार? गाव पिशवीतल्या दुधावर आला. दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे तिथं आठवड्याला चार येऊ लागले. डॉक्टर सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसत ते दुपारी त्याच पानावर असत. सुमंगला आधीच पुसलेल्या बाटल्या पुन्हा पुसायची आणि फोनकडे बघायची.

या सगळ्याचं तिला भय वाटायचं कारण घरीच होतं. नवरा बाबुराव डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्यावर तो घरी बसला तो बसलाच. पण खरं सांगायचं तर तिला धास्ती होती ती डॉक्टरांची. काम नसलेला माणूस कसा होतो हे ती घरी रोज बघत होती. डॉक्टरांचं तसं झालेलं तिला बघवलं नसतं. दवाखाना कसाही करून चालू राहिला पाहिजे, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं.

डॉक्टरांची भाची क्षमा पर्वरीला जाहिरातीच्या ऑफिसात होती. चतुर्थीला आली, मामाची दशा पाहिली आणि म्हणाली, "मामा, किनाऱ्यावर बघा. मांद्रें, मोरजीला दिल्लीचे लोक बंगले घेऊन राहिलेत. प्रत्येक बंगल्यात कुत्रा आहे. त्यांना तुम्ही सापडतच नाही!"

"पस्तीस वर्सां हांव हांगाच आसां," डॉक्टर म्हणाले.

"पण नेटवर नाही ना."

असा दवाखाना नेटवर आला. वेबसाइट झाली. तिच्यावर फोटोसाठी डॉक्टरांना पांढरा कोट घालून उभं केलं. शेजारी गाय चालणार नाही म्हणून सरपंचांच्या ओळखीतलं एक केसाळ पिल्लू उसनं आणलं, ते डॉक्टरांच्या कोटावर मुतलं. 'गुरांचे डॉक्टर' ही पाटी उतरली. घरबसल्या वेळ घेता येऊ लागली, नकाशावर लाल टिकली लागली, आणि टिकलीखाली तारे. लोकांनी आपल्याला तारे द्यायचे आणि त्या ताऱ्यांवर आपण जगायचं, असा हा कारभार.

तारे गोळा करायला सुमंगला जुन्या गिऱ्हाइकांकडे गेली. इब्रामपूरच्या सखारामानं हौसेनं मोबाइल काढला आणि एकच तारा दिला. आपला डॉक्टर एक नंबर, म्हणून एक! त्याचं बघून आणखी सहा जणांनी एकेक दिला. क्षमानं कपाळाला हात लावला. तिला ते निस्तरायला पंधरा दिवस लागले, आणि सखारामाला आपण काय बिघडवलं हे शेवटपर्यंत समजलं नाही.

मग क्षमानं सुमंगलाच्या हातात एक मोबाइल ठेवला आणि पढवलं. "मावशी, कोणी काहीही लिहिलं की चोवीस तासांत उत्तर द्यायचं. वाईट लिहिलं तर आधी द्यायचं. मनापासून लिहायचं, यंत्रासारखं नको. तुम्ही घरी आलेल्या माणसाशी जसं बोलता ना, तसंच." मराठीत लिहून एक बटण दाबलं की इंग्रजी होतं, हेही शिकवलं. सुमंगला घरी जाऊन दोन दिवस ते बटण दाबत बसली.

आणि काय सांगावं, चाललं की! कुत्री येऊ लागली. गाडीतून उतरून, पट्टा लावून, नावासकट. डॉक्टरांनी म्हातारपणी कुत्र्यांची पुस्तकं काढली. सकाळचं वर्तमानपत्र सकाळीच वाचून होऊ लागलं. सुमंगलानं प्रत्येकाला उत्तर लिहिलं, प्रत्येकाच्या कुत्र्याची चौकशी केली, आणि बंगल्यांतल्या लोकांना ते फार आवडलं. सात महिने तिला वाटत होतं, आपण सावरलो.

शालिनी मॅडम आल्या त्या सोमवारी. दिल्लीच्या निवृत्त शिक्षिका, मांद्र्याला एकट्याच राहायच्या. यजमान वारले तेव्हापासून घरात त्या आणि लड्डू नावाचा लठ्ठ पिवळा कुत्रा. लड्डूला दोघा रखवालदारांनी चादरीत उचलून आणला. सुमंगलानं विचारलं, किती दिवस झाले? मॅडम हिंदीत म्हणाल्या, पाच दिवस खात नाही. उन्हानं असेल वाटलं. नेटवर वाचून हळद-खोबरेल देत होते. सुमंगलानं तसं केसपेपरवर लिहिलं आणि वर वेळ टाकली, नऊ दहा.

डॉक्टरांनी ओठ उचलून बघितला. हिरडी कागदासारखी पांढरी होती. गोचिडांचा ताप. नऊ वीसला सलाईन चढलं. माणसाच्या हातात होतं ते सगळं डॉक्टरांनी केलं, आणि मंगळवारी दुपारी लड्डू गेला.

बुधवारी डॉक्टर रीतीप्रमाणे मांद्र्याला निघाले. पण त्या वसाहतीला फाटक होतं आणि फाटकावर नवा रखवालदार. त्यानं वही पुढं केली. कोणाकडे? वेळ घेतली आहे? मॅडमचा फोन बंद होता. डॉक्टर अर्धा तास उन्हात स्कूटरवर बसले आणि परत आले. गुरुवारी पुन्हा तेच. शब्द ठरलेले होते, पण ते म्हणायला सोपाच मिळाला नाही.

शुक्रवारी सकाळी मोबाइल वाजला. मॅडमनी तीन तारे दिले होते आणि खाली भलंमोठं लिहिलं होतं. तक्रार नव्हती. डॉक्टर सज्जन आहेत, जागा स्वच्छ आहे, वगैरे. शेवटी एकच प्रश्न होता. मी लवकर आले असते तर तो वाचला असता का? मला झोप नाही. कोणीतरी खरं सांगा.

डॉक्टर तेव्हा चांदेलला एका म्हशीकडे होते. सुमंगलानं तो प्रश्न तीनदा वाचला. अशी बाई तिनं शंभरदा पाहिली होती, फक्त ती सोप्यावर असायची. क्षमाचे शब्द तिला आठवले, घरी आलेल्या माणसाशी बोलता तसंच. तिनं चष्मा लावला आणि अगदी मनापासून लिहिलं. 'मॅडम, तुमचा काहीच दोष नाही. तुम्ही वेळेवरच आलात. उशीर आमच्याकडून झाला. आम्ही वेळेत उपचार केले असते तर लड्डू वाचला असता. आमच्या हाताला यश आलं नाही. तुम्ही जेवा, झोपा आणि पुन्हा एक पिल्लू आणा.' बटण दाबलं, इंग्रजी झालं, पाठवलं. डॉक्टर आल्यावर तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बरें केलें."

दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की सोप्यावर बोललेलं सोप्यावर राहतं आणि हे सारा मुलूख वाचेल. कसं येणार? इतक्या वर्षांत कोणी उलटून विचारलं नव्हतं.

मॅडमचा मुलगा गुरगावला. त्यानं वाचलं आणि त्याचं डोकं फिरलं. त्याच्या जागी कोणाचंही फिरलं असतं. दवाखाना स्वतःच्या तोंडानं कबूल करतो आहे! त्यानं त्या उत्तराचा फोटो काढला आणि तो बंगलेवाल्यांच्या मोबाइलवरच्या सगळ्या गटांत फिरला. आठ दिवसांत पस्तीस लोकांनी एकेक तारा दिला, आणि या वेळी एक म्हणजे काय ते देणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. मग पशुवैद्यांच्या मंडळाकडे तक्रार गेली. क्षमा धावत आली, उत्तर पुसलं, तर त्याचीही बोंब झाली, की बघा, पुरावा पुसला. फोन पुन्हा गप्प झाला. सुमंगला घरी जेवायला बसायची आणि घास हातातच राहायचा. हे सगळं आपल्या दोन बोटांनी केलं, हे तिला पुरतं कळलं होतं.

चौकशीची तारीख आली. सुमंगला म्हणाली, "डॉक्टर, केसपेपर आसा. पांच दीस, नव धा, नव वीस, सगळें बरयलां."

"कागद हांगाच दवर," डॉक्टर म्हणाले. "हांव सांगतां, कळाव माझो."

"नांव काडून उडयतले तुमचें!"

"उडयतले तर उडयतले. हांव आतां चवसश्टाचो."

तिनं मान हलवली, आणि निघताना केसपेपर पिशवीत घातला. चोवीस वर्षांत डॉक्टरांचा शब्द तिनं पहिल्यांदाच मोडला.

पणजीच्या त्या कचेरीत बाहेरच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या. मुलगा लांब उभा राहून फोनवर बोलत होता. सुमंगलाला बघून त्यांनी जवळ बोलावलं आणि हिंदीत हलकेच सांगितलं, की तक्रार मुलाची आहे, मला नको होती. तुमच्यावर राग आहे, खोटं कशाला बोलू. पण ते उत्तर मी लिहून घेतलंय. सकाळी ते वाचते तेव्हा कुठं उठवतं. सुमंगलानं त्यांचा हात धरला. पिशवी तिच्या मांडीवर होती. त्या क्षणी उठून घरी गेली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढं रोज वाटलं.

आत समितीचे तिघे जण होते, सभ्य माणसं. मॅडम आणि मुलगा एका बाजूला बसले. त्यांनी उत्तराचा फोटो पुढं ठेवून डॉक्टरांना विचारलं, हे खरं आहे? डॉक्टर म्हणाले, "खरं आहे. उशीर माझ्याकडून झाला." मधल्या साहेबानं लिहून घ्यायला पेन उचललं. पशुवैद्यांच्या यादीतून नाव काढून टाकावं लागेल, किंवा निदान वर्ष-दोन वर्षं, असं तो शेजारच्याला इंग्रजीत म्हणाला. सुमंगलाला इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढं समजलं. तिच्या डोळ्यांपुढं घरातला बाबुराव आला, भिंतीला टेकून बसलेला. आणि त्याच्या जागी डॉक्टर दिसले.

ती उभी राहिली आणि केसपेपर टेबलावर ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. पाच दिवस कोणी सांगितले? मॅडमनी. ही वेळ कोणी टाकली? मी. मग तुमचं उत्तर? खोटं. खोटं का लिहिलं? सुमंगला म्हणाली, "आमच्याकडे तसं म्हणतात." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला आणखी समजावून सांगायचं होतं, पण कचेरीत ते शब्द अगदीच खुळ्यासारखे वाटले. मुलगा मोठ्यानं बोलू लागला, त्याला बसवलं. डॉक्टर खाली बघत होते.

मॅडमनी समितीला काही विचारलं नाही. सुमंगलाकडे वळून विचारलं, "पहले लाती, तो बचता?"

सुमंगलानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "तसं कोणी सांगू शकत नाही, मॅडम." पण समितीतला एक विद्वान गृहस्थ कागद चाळत होता. प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं, एवढीच त्याची बुद्धी. त्यानं शांतपणे सांगितलं, की या आजारात पहिल्या दोन दिवसांत आणलेली कुत्री बहुतेक वाचतात.

"तो मैं ही थी," मॅडम म्हणाल्या. आणि पदर सारखा करून बसून राहिल्या.

डॉक्टर निर्दोष सुटले. तसं पत्र महिन्याभरात आलं. क्षमा हरखून म्हणाली, हे वेबसाइटवर टाकू या, मोठ्या अक्षरांत. डॉक्टरांनी तिला वेबसाइटच काढून टाकायला सांगितलं. ती वाद घालून थकली आणि शेवटी काढली. डॉक्टर तीनदा मांद्र्याला जाऊन आले. आता रखवालदार ओळखायचा, सोडायचा, पण घराला कुलूप होतं. मॅडमना मुलानं गुरगावला नेलं होतं. त्या जेवत नाहीत, औषधावर आहेत, एवढं शेजाऱ्यांकडून कळलं. डॉक्टरांनी फोन लावला तो मुलानं घेतला आणि पुन्हा करू नका म्हणाला. निर्दोष माणसाशी आणखी काय बोलणार?

त्यानंतर डॉक्टरांनी पेटी उघडली नाही. सखारामाची गाय अडली तेव्हा त्यांनी सरकारी दवाखान्याचा नंबर दिला. सुमंगला रोज यायची, कुलूप काढायची, झाडायची, बसायची. ज्यासाठी कागद पुढं केला तो दवाखाना तिच्यासमोर उघडा होता आणि त्यात कोणी नव्हतं. डॉक्टर खुर्चीत बसलेले असायचे आणि भिंतीकडे बघायचे, हुबेहूब बाबुरावासारखे. हेच तर तिला टाळायचं होतं.

एका बुधवारी डॉक्टर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, खोली रिकामी करतोय. औषधं त्यांनी खोक्यात भरलीच होती. सुमंगलानं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. इतके महिने गिळलेलं विचारून टाकलं.

"डॉक्टर, माझें कितें चुकलें? तुमकां तशेंच बुडूंक दिवपाचें आशिल्लें?"

डॉक्टर रागावले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते खोक्याला दोरी बांधत होते, ती त्यांनी बांधून पुरी केली.

"चुकलें ना गो," ते म्हणाले. "खरें तेंच सांगलें तुवें. माका सोडयलें. पूण तिका आतां कोण सोडयतलो?"

सुमंगलानं पिशवी खाली ठेवली. डॉक्टरांनी खोकं उचललं, बाहेर ठेवलं आणि दुसरं बांधायला घेतलं.